उसने उसासे

‘स्वतःचं काहीतरी करून आणा’ असं वर्गाला सांगणारा मास्तर मला नेहमीच धाडसी वाटत आला आहे. आमच्या वेळचे मास्तर असला धोका पत्करत नसत. ‘माझे आजोबा’ हा निबंधसुद्धा फळ्यावरून उतरवून घ्यायचा. त्यामुळे मिरजेच्या आमच्या शाळेत बेचाळीस मुलांना मिळून एकच आजोबा होते. त्यांची मिशी पांढरी होती, हातात काठी होती आणि ते पहाटे उठून भूपाळी म्हणत. ज्यांचे आजोबा नऊपर्यंत अंथरुणातून उठत नसत, त्यांचेही म्हणत. चाल बांधण्याचा हक्क तर भजनी मंडळाच्या पेटीवाल्याखेरीज कुणालाच नव्हता. आणि त्यानं नवी चाल बांधली, की ती सगळ्या देवळाला पहिल्या ओळीपासून पाठ असे. कारण आदल्या आठवड्यात ती टॉकीजमध्ये ऐकलेली असे.

सांगायचा मुद्दा, ‘स्वतःचं’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तो मला नव्यानं पडला शिकागोत. तिथं मुलीकडे सहा महिने मुक्कामाला होतो. नातू सोळा वर्षांचा. तो एका संगीतशाळेत ब्लूज हार्मोनिका शिकतो, म्हणजे आपल्या भाषेत माउथ ऑर्गन. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांचा जाहीर कार्यक्रम असतो. त्यात प्रत्येकानं तीन मिनिटं वाजवायचं, गाणं नाही, नुसतं वाद्य, आणि रचना स्वतः बांधलेली. आठ आठवडे तयारी चालली होती आणि ती आमच्या डोक्याखाली, म्हणजे तळघरात चालली होती. वर्तमानपत्रांतल्या संगीतसमीक्षकांना फक्त कार्यक्रम ऐकावा लागतो, तोही पुष्कळदा मध्यंतरापर्यंत. मी तयारीसकट ऐकला आहे. तेव्हा ह्या परीक्षणाचा अधिकार माझ्याकडे थोडा जास्तच आहे, असं समजून पुढं वाचावं.

आमच्या पिढीला माउथ ऑर्गन म्हटलं, की १९७५ च्या ‘शोले’तला जय आठवतो. तिकडे राधा एकेक दिवा मालवतेय आणि इकडे हा वाजवतोय. ब्लूजवाले ह्या वाद्याला ‘हार्प’ म्हणतात. दहा घरं, दर घरात दोन रीड. एक फुंकल्यावर बोलते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. नात्यानं ही आपल्या बाजाच्या पेटीची चुलत बहीण, फक्त भाता आपल्या छातीत. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात मथियास होनरनं १८५७ साली हिचा धंदा सुरू केला, आणि १८९६ साली त्याच कारखान्यातून ‘मरीन बँड’ नावाचा प्रकार निघाला, तो आजही विकला जातो. बनवणाऱ्याचा हिशेब सरळ होता. फुंकलं, की सा-ग-प जुळून यावेत आणि लोकांनी सुट्टीच्या दिवशी लोकगीतं वाजवावीत.

ही स्वस्त पेटी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या हाती पडली आणि त्यांनी तो हिशेबच उलटा केला. पांढरी एकची पेटी घ्यायची आणि वाजवायची पांढरी पाचमध्ये. असं केलं, की षड्ज दुसऱ्या घरात श्वास ओढल्यावर मिळतो, कोमल निषाद पाचव्या घरात आयता उभा असतो, आणि मुख्य म्हणजे ओढलेला सूर जिभेनं आणि गळ्यानं खाली वाकवता येतो. दुसऱ्या घरात दोन अर्धस्वर, तिसऱ्यात तीन. तिसऱ्या घरातला शुद्ध गंधार वाकवत कोमलाकडे न्यायचा आणि पोचायच्या जरा आधी थांबायचं. ती जी मधली जागा आहे, तिथं ब्लूज राहतो. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं आपल्या पेटीला दार बंद केलं होतं. आणि ही खिशातली चुलत बहीण मींड काढते! मी हे सगळं मोठ्या भारावलेपणानं नातवाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘आबा, त्याला बेंड म्हणतात. पहिल्याच महिन्यात असतो.’’

पण माझ्या मते ह्या वाद्यातलं सगळ्यात मोठं ‘स्वतःचं’ तेच आहे. फुंकायचं वाद्य त्या लोकांनी ओढून वाजवलं. नवी पेटी बनवली नाही, नवा सूरही बसवला नाही. दुसऱ्याच्या घरात राहायला गेले आणि मागचं दार पुढचं केलं.

रचनेचा साचाही सगळ्यांना एकच. बारा बारांचा. (इथं बार म्हणजे चार मात्रांचा खण. दुसऱ्या अर्थाचे बार शिकागोत बारापेक्षा पुष्कळ जास्त आहेत.) पहिले चार खण षड्जाचे, दोन मध्यमाचे, परत दोन षड्जाचे, मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटच्या दोनांत घरी परत. ४८ मात्रांचं आवर्तन झालं. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली, की एक आवर्तन बरोबर अर्ध्या मिनिटात संपतं. तीन मिनिटांत सहा आवर्तनं. म्हणजे मोदकाचा साचा एकच, सारण आपापलं. आता सगळ्या जगानं शंभर वर्षं ह्याच साच्यातून मोदक काढल्यावर सोळा वर्षांच्या मुलानं ‘स्वतःचं’ म्हणजे काय करायचं?

थोरामोठ्यांनी काय केलं ते पाहावं, तर तिथं आणखी गोंधळ. लिटल वॉल्टर हा ह्या वाद्याचा मेरुमणी. १९५२ च्या मे महिन्यात त्यानं शिकागोत ‘जूक’ नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. तोंडातून शब्द नाही, नुसती हार्मोनिका. आणि ती बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिल्या जागेवर राहिली. पण तिची सुरुवात ऐकावी आणि मग स्नूकी प्रायरची १९४८ सालची बूगी ऐकावी. दोघांच्या तोंडवळ्यात इतकं साम्य आहे, की लग्नाच्या फोटोत मामा-भाचे ओळखू यावेत. मेम्फिसमध्ये १९५३ साली बिग वॉल्टर हॉर्टननं ‘ईझी’ वाजवलं. ती चाल मूळ आयव्हरी जो हंटरच्या १९५० सालच्या गाण्याची. आणि चालीचं काय घेऊन बसलात, नावसुद्धा उसनं! जॉन ली विल्यमसन नावाचा मोठा वादक ‘सनी बॉय विल्यमसन’ म्हणून गाजत असताना तिकडे आर्कान्सामधल्या हेलेना गावच्या रेडिओवर राइस मिलर नावाचा दुसरा वादक १९४१ पासून ‘सनी बॉय विल्यमसन’ म्हणूनच वाजवू लागला. वर ‘खरा मीच’ असंही सांगे. गंमत म्हणजे तोही थोरच होता. आमच्याकडे असं झालं असतं, तर दोघांच्या शिष्यांनी पन्नास वर्षं एकमेकांच्या मैफली बंद पाडल्या असत्या.

तरीही ‘जूक’ लिटल वॉल्टरचंच आहे, आणि ‘ईझी’ बिग वॉल्टरचंच. का? ‘ईझी’ ऐकताना हंटरचं गाणं आठवतही नाही. एक जाडजूड, ओला सूर सुरुवातीला हळूच येतो आणि शेवटाकडे भिंती हलवायला लागतो. चाल दुसऱ्याची आहे, श्वास त्याचा आहे. उसनवारी ब्लूजमध्ये चालते; ती सर्रास चालते आणि चालावी. आपल्याकडे तरी एकेका बंदिशीवर किती पिढ्या जेवल्या! मला तळघरातली तयारी ऐकताना चिंता वाटत होती ती निराळ्याच उसनवारीची.

ब्लूज हे दुःखातून आलेलं संगीत. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली, पण कापसाची शेतं आणि सावकाराची वही तिथंच राहिली. तिथून हजारो कुटुंबं आगगाडीनं शिकागोला आली आणि रविवारी मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात फुटपाथवर उभं राहून वाजवू लागली. आणि आता आमचे चिरंजीव! सकाळी दूध, रात्री वरणभात, मध्ये दोनदा फ्रीज उघडणं. ह्या मुलानं डोळे मिटून कुठला उसासा टाकायचा? चाल उसनी घेता येते, साचा उसना घेता येतो. दुःख उसनं घेतलं, की ते भाड्याच्या शेरवानीसारखं खांद्यावर उतरतं.

मास्तरांना हे चांगलंच ठाऊक असावं. त्यांची तयारीची पद्धत मला फार आवडली, म्हणून इथं देतो. पहिला नियम, दोन आठवडे पेटीला हात लावायचा नाही. गुणगुणायचं. जे गुणगुणता येत नाही ते वाजवायचं नाही. दुसरा नियम, एक सबंध आवर्तन तीनच सुरांत करून आणायचं. तिसरा, चार मात्रा वाजवल्या, की चार मात्रा गप्प बसायचं. (हा नियम शास्त्रीय, सुगम आणि राजकीय अशा सर्व क्षेत्रांत लागू करावा.) चौथा, पहिल्या आवर्तनात जो मुखडा सांगितला तो शेवटच्यात परत आला पाहिजे, मधल्या चारांत काय हिंडायचं ते हिंडा, पण घरचा पत्ता विसरू नका. आणि पाचवा, मागे गिटार, बेस आणि ड्रम वाजवणाऱ्यांना चार गोष्टी आधी स्पष्ट सांगता आल्या पाहिजेत: पट्टी कुठली, लय कुठली, उचल कुठून आणि शेवट कसा.

ह्या पाचव्या नियमाची गंमत रंगीत तालमीला कळली. वर्गात एक दातांचे डॉक्टर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघून कंटाळल्यामुळे स्वतःच्या तोंडाचं काहीतरी करावं, म्हणून ते ह्या वाद्याकडे वळले असावेत. पेटीवर छापलं होतं ‘सी’, म्हणून त्यांनी साथीदारांना ‘सी’ सांगितलं आणि स्वतः शिकवल्याप्रमाणे ‘जी’मध्ये सुरू झाले. एक सबंध आवर्तन साथीदार पांढरी एकमध्ये आणि डॉक्टर पांढरी पाचमध्ये. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, की हे फार आधुनिक आहे.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. डॉक्टर पहिले. ह्या वेळी पट्टी बरोबर सांगितली. त्यांची रचना निर्दोष होती. प्रत्येक सूर घासून, धुऊन, जागच्या जागी बसवलेला. मात्रेच्या आधी नाही, नंतर नाही. पण तिसऱ्या घरातला गंधार त्यांनी एकदासुद्धा वाकवला नाही. सूर वाकला, तर पुन्हा सरळ होईल की नाही अशी त्यांना धास्ती असावी. सहा आवर्तनं ऐकली आणि सहाही वेळा मला भूल दिल्यासारखं वाटलं. दुखलं नाही, पण काही जाणवलंही नाही.

दुसरा एक कॉलेजातला तरुण. काळा चश्मा, काळी हॅट. रचनेचं नाव ‘मिसिसिपीतली काळरात्र’. हा शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरात वाढलेला. मिसिसिपीला कधी गेलेला नाही, हे त्यानंच प्रस्तावनेत सांगितलं. हातात गोळीच्या आकाराचा जुना मायक्रोफोन, तो पेटीसकट ओंजळीत गच्च धरून वाजवायची लिटल वॉल्टरची तऱ्हा. हात तयार होता, ह्यात शंका नाही. पण पहिल्याच खणात त्यानं असा काही हंबरडा फोडला, की आता पुढं काय होणार ह्याची काळजी वाटली. पुढंही हंबरडाच. सहाही आवर्तनं हंबरडा. अहो, माणूस खरोखर दुःखात असतो तेव्हा मधून मधून नाक पुसतो, पाणी पितो, कुणी आलं तर ‘बसा’ म्हणतो. ह्याच्या दुःखाला उसंत अशी नव्हतीच. कारण ते भाड्यानं आणलेलं, आणि भाडं मिनिटावर होतं.

तिसऱ्या होत्या टपालखात्यातून निवृत्त झालेल्या एक कृष्णवर्णीय बाई. त्यांचे वडील मिसिसिपीहून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीनं शिकागोला आले. म्हणजे मघाच्या काळरात्रीची मालकी कुणाकडे असेल तर ती ह्यांच्याकडे. त्यांनी आपल्या रचनेला नाव दिलं होतं ‘बसची वाट’. वाजवायच्या आधी म्हणाल्या, ‘‘पहिला तुकडा बिग वॉल्टरचा आहे. पुढचं उभं राहणं माझं.’’ त्यांचा दम कमी, सूर चारच. दोन खण वाजवायच्या आणि दोन खण नुसता बेस चालू ठेवून मान वळवून रस्त्याकडे बघितल्यासारखं करायच्या. शिकागोत जानेवारीत तळ्यावरून जो वारा येतो तो एका लांब ओढलेल्या सुरात आला. चौथ्या आवर्तनात खालचा सूर गुरगुरत जवळ आला. बस! सगळं सभागृह पुढं सरकलं. सूर मोठा झाला आणि तसाच लहान होत निघून गेला. बस थांबलीच नाही. लोक हसले. मग पाचव्या आवर्तनात बाईंनी पहिलाच मुखडा पुन्हा सुरू केला, जरा हळू, आणि कुणी हसलं नाही. मीही नाही. टपालाच्या पाळीला पहाटे जाणाऱ्या बाईनं किती वर्षं तिथं उभं राहून काढली असतील, हे कुणी सांगायची गरज उरली नव्हती. ह्या कार्यक्रमातली सर्वोत्तम रचना हीच, आणि तिच्यात दुःख हा शब्द शीर्षकातही नव्हता.

ह्या वाद्याची थोर परंपरा हीच तर आहे. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ ह्या रेडिओ कार्यक्रमाचा एक पहिला तारा डीफोर्ड बेली. त्यानं १९२७ साली ‘पॅन अमेरिकन ब्लूज’मध्ये एक आगगाडी अख्खी वाजवली, चाकं, वाफ, शिट्टी, सगळी. १९४१ साली त्याला त्या कार्यक्रमातून काढून टाकलं. त्यानं बुटांना पॉलिश करायचं दुकान चालवलं, आणि १९८२ साली तो गेल्यावर तेवीस वर्षांनी, २००५ साली, त्याचं नाव कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत घातलं. रडायला कारणं त्याच्याकडे पुष्कळ होती. पण आपण त्याला ओळखतो ते त्या गाडीवरून, कारण ती त्यानं लहानपणापासून कान देऊन ऐकलेली होती.

नातवाच्या पहिल्या मसुद्यातही आगगाडी होती. शिवाय ‘जूक’मधले दोन तुकडे, होते नव्हते तेवढे सगळे बेंड, आणि श्वासाला जागा नाही. तळघरातून वर आला तेव्हा चेहरा लाल. मी विचारलं, ‘‘ही गाडी कुठली रे?’’

‘‘ब्लूजमधली, आबा.’’

‘‘तू बसलायस तिच्यात?’’

तो काही बोलला नाही. स्वैपाकघरात मुलीनं कुकर लावला होता. शिट्टी झाली. तो जिन्यात थांबला. दुसरी झाली. तिसरी व्हायच्या आत तो पुन्हा तळघरात गेला होता.

आता छापील कार्यक्रमपत्रिकेबद्दल एक सूचना. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढं ‘मूळ रचना’ एवढंच छापलं होतं. त्याखाली बारीक टायपात ‘उसनवारी’ असा एक रकाना असावा आणि त्यात थोरांची नावं लिहावीत, जशी टपालवाल्या बाईंनी तोंडानं सांगितली. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेतो तेव्हा कानाच्या पाळीला हात लावतो. ही पद्धत मी नातवाला समजावून सांगितली होती. त्याची रचना शेवटची. ‘‘ह्यातलं एक वळण लिटल वॉल्टरकडून घेतलंय,’’ असं इंग्रजीत म्हणत त्यानं कानाला हात लावला. मागच्या ध्वनियंत्रणेवाल्याला वाटलं, पोराला स्वतःचा आवाज ऐकू येत नाहीय. त्यानं आवाज चांगला दोन घरं वाढवला.

त्यामुळे ‘तीन शिट्ट्या’ जरा मोठ्यानं झाली. पहिली दोन आवर्तनं मंद आचेवरची. खालच्या घरांत नुसती खदखद, तीन सुरांची. मग फुसफुस वाढली, दोन शेजारची घरं एकदम ओढून पहिली शिट्टी झाली आणि पुढचे दोन खण तो गप्प राहिला. समोरच्या अमेरिकन मंडळींना ती आगगाडीच वाटली, आणि त्यांनी तिच्यासाठी टाळ्याही वाजवल्या. त्यात डीफोर्ड बेलीचा वाटा आहे आणि तो त्याला मिळायलाच हवा. पण तिसऱ्या शिट्टीला माझ्या शेजारी बसलेली आमची मुलगी गॅस बंद करायला खुर्चीतून अर्धी उठली.

पाचवं आवर्तन मात्र गर्दीचं झालं. तिथं बेंड कमी करावेत आणि दोन खण मोकळे सोडावेत.